आकाशातून पडलेली माणसं

११ मे १९४४, बुखारेस्ट

आज नोकरीला लागलो. नोकरी कसली, लष्करानं मानगूट धरून नेलं. अमेरिकेत, ओहायोतल्या यंगस्टाउनच्या हॉटेलात दहा वर्षं पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, म्हणून मला इंग्रजी येतं. एवढाच माझा गुन्हा. आता मुलींच्या एका शाळेत कोंडलेल्या अमेरिकन वैमानिकांचा मी दुभाष्या.

सगळे अधिकारी आहेत म्हणे. अधिकारी! पोरींसाठी केलेल्या खाटांवर झोपतात, गुडघ्याखालचे पाय बाहेर लोंबतात. वर असताना देवाच्या शेजारी बसल्यासारखं वाटत असेल. विमान पेटलं की छत्रीला लटकून खाली येतात आणि पहिली तक्रार करतात ती जेवणाची. एकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मिस्टर, इथं कॉफी मिळत नाही का?"

"मिळते की," मी म्हटलं. "युद्ध संपल्यावर."

छावणीचे मुख्य मेजर स्टामाते. मिशीला कलप लावतात आणि रुमालाला अत्तर. लढाईवर गेले असते तर शत्रूला वासावरून सापडले असते. म्हणूनच गेले नसावेत.

ही वही का लिहितोय ते माझं मलाच ठाऊक नाही. भाड्याच्या खोलीत बोलायला कुणी नसतं, आणि भिंतीशी बोलणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे.

१३ मे

आग्लायाची धाकटी बहीण पारास्किवा फाटकाशी आली होती. हातात शिजवलेल्या गोड गव्हाचं भांडं.

"भावोजी, आज ताईचा चाळिसावा दिवस. सगळे थडग्यापाशी थांबलेत. पाद्रीबुवाही आलेत."

"ड्यूटी आहे," मी म्हटलं.

ड्यूटी नव्हती. मेजर घोड्यांच्या शर्यतीला गेले होते. ती भांडं पहारेकऱ्याजवळ ठेवून गेली. नाईक त्सुर्कानूनं त्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "साखर कमी पडलीय, साहेब."

असेल. आग्लायानं जास्त घातली असती.

२० मे

मेजरांनी कैद्यांसमोर भाषण ठोकलं. शूर शत्रू, आपला रोमन वारसा, शिस्त, सन्मान. अर्धा तास. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा त्यांना. काही गाळू नका."

मी सांगितलं, "साहेब म्हणतात, पळू नका, पाणी जपून वापरा आणि कुंपणाबाहेरच्या बायकांना शिट्ट्या मारू नका." पोरं खदाखदा हसली. मेजरांना वाटलं, दाद मिळाली. मान तुकवली त्यांनी!

मग एक कप्तान उठला. म्हणाला, "त्या सुगंधी रेड्याला विचारा, आम्हाला आठवड्यातून एकदाच अंघोळीला पाणी का?"

मी मेजरांना सांगितलं, "आपलं बोलणं ऐकून ते भारावलेत. एवढंच विचारतात, की इतक्या सुसंस्कृत अधिकाऱ्यासमोर त्यांनी रोज स्वच्छ होऊन उभं राहावं अशी काही सोय होईल का."

संध्याकाळपासून रोज पाणी सुटायला लागलं. दोन मूर्खांच्या मध्ये उभं राहिलं की करमणूक बरी होते. मी हे करमणुकीसाठीच केलं.

८ जून

यांच्यात टॅकेट नावाचा एक लेफ्टनंट आहे. लाल केस, बशीएवढे कान, नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा मुलगा. विमानाच्या नाकात बसून बॉम्ब सोडायचं काम याचं. त्याला रुमानियन शिकायचंय. का, तर "इथं राहतोय तर शिकावं म्हणतो." पाहुणा आलाय जणू.

रोज दुपारी कागद घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसतो. उठ म्हटलं तरी उठत नाही. शेवटी कंटाळून मी शिकवायला घेतलं. 'एक तिकीट द्या' म्हणून जे शिकवलं, त्याचा खरा अर्थ 'माझी गाय काल व्याली.' तो ते दिवसभर घोकत होता. त्सुर्कानूला हसून हसून ठसका लागला.

हा बॉम्ब अचूक टाकतो म्हणे! याला गाय आणि तिकीट यातला फरक कळत नाही.

२८ जून

सकाळी भोंगे वाजले. अमेरिकन विमानं, पुन्हा. सगळ्यांना शाळेच्या तळघरात नेलं. मला आज मजा पाहायची होती. स्वतःच्या बॉम्बखाली बसल्यावर हे कसे दिसतात ते पाहायचं होतं.

दिसले. वर हात करून "शाब्बास" ओरडायची तयारी करून आलेले सगळे पहिल्या हादऱ्याबरोबर चूप झाले. एक जण प्रार्थना करताना शब्द विसरला. टॅकेट माझ्या शेजारी बसला होता. त्याचे दात वाजत होते.

"वर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "खरंच सांगतो. इंजिनाचा आवाज असतो. खाली नुसते धुराचे पुंजके दिसतात, छोटे छोटे."

"सुंदर दिसत असतील."

"हो," असं म्हणून त्यानं गुडघे पोटाशी घेतले. मग म्हणाला, "मी इथं पहिल्यांदा आलो ते चार एप्रिलला. रेल्वे यार्ड होतं लक्ष्य. आम्हाला कधी कळलंच नाही नीट, की लागलं का."

"लागलं," मी म्हटलं.

"सगळे?"

"यार्डात काही. बाकीचे ग्रिवित्सा रस्त्यावर. तिथं लोक राहायचे."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्याच्या जागी मी विचारलं असतं. धीटपणा फक्त वीस हजार फुटांवर असतो यांचा.

धोका टळल्यावर वर येऊन मी बराच वेळ हात धूत बसलो. हात स्वच्छच होते.

२ जुलै

पारास्किवाची चिठ्ठी. परवा तीन महिने होतात, तेव्हा तरी या. शिवाय विचारते, आग्लाया कशी सापडली? मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

या बाईला दुसरे उद्योग नाहीत.

१५ जुलै

टॅकेट पळाला आणि पकडला गेला. दोन्ही गोष्टी दुपारच्या जेवणाआधी उरकल्या. त्सुर्कानूचा वाळत घातलेला कोट अंगावर चढवला आणि कलिंगडाच्या गाडीमागून फाटकाबाहेर चालत गेला. थेट स्टेशनवर. खिडकीशी जाऊन कारकुनाला मोठ्या ऐटीत सांगितलं, "माझी गाय काल व्याली."

कारकुनानं अभिनंदन केलं आणि विचारलं, "कुठं जायचंय?" यानं पुन्हा सांगितलं, गाय व्याली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कारकुनानं पोलिसाला हाक मारली.

त्सुर्कानूनं हे मला सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसून हसत होता. मीही हसलो. मग कळलं, की उद्या चौकशीला एक जर्मन अधिकारी येणार आहे. आमच्या लष्कराचा कोट घालून बाहेर पडला म्हणजे हेर, असा त्यांचा हिशेब. जर्मनीला नेणार. तिथं नेलेले परत येत नाहीत.

गाढव. तिकीट कशाला मागायचं? गाडीत बसायचं, तपासनीस आला की मुका व्हायचं. एवढीही अक्कल नाही.

आज जेवण गेलं नाही. चोर्ब्याच्या आंबट सूपात व्हिनेगर फार झालं होतं.

१६ जुलै

चौकशी झाली. टेबलाच्या एका टोकाला मेजर, दुसऱ्या टोकाला तो जर्मन कप्तान, चष्मेवाला, अंगठ्याच्या नखाशी खेळणारा. त्याला रुमानियन बरं येत होतं, म्हणून मी इंग्रजीतून रुमानियनमध्ये सांगायचं, असं ठरलं. टॅकेटचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

जर्मनानं विचारलं, "कोट कुणी दिला? बाहेर कुणाला भेटणार होतास?"

टॅकेट म्हणाला, "या डुकराला सांगा, माझं नाव, हुद्दा आणि नंबर. आणि हेही सांगा, की महिन्याभरात त्याच्या घरावर मीच येईन."

मी सांगितलं, "तो म्हणतो, कुणीही नाही. त्याला घरची पत्रं आलेली नाहीत, डोकं ठिकाणावर नाही. गणवेश कोटाच्या आत अंगावरच होता, बटणं उघडून दाखवायला तयार आहे. मेजरसाहेबांनी इतकं चांगलं वागवलं, आणि आपण त्यांचा विश्वास मोडला, याची लाज वाटते म्हणतो."

मेजरांचे डोळे ओलावले. खरंच ओलावले! त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "हा माझा कैदी आहे. रुमानियाचा. मी त्याला इथंच शिक्षा देईन. चौदा दिवस अंधारकोठडी."

जर्मन उठला. कागद आवरले, टोपी घातली. दारात माझ्याजवळ थांबला आणि स्वच्छ इंग्रजीत हळूच म्हणाला, "अमेरिकेत आपण कुठं होता?"

"ओहायो."

"छान उच्चार आहेत," तो म्हणाला आणि गेला.

मी हे सगळं केलं ते कंटाळ्यापोटी. चौकशी लांबली असती तर जेवणाची वेळ टळली असती.

३० जुलै

दोन आठवडे रोज सकाळी वाटतं, आज मला न्यायला येतील. कुणी आलं नाही. तो जर्मन आळशी असणार. त्यांच्या शिस्तीचं नुसतंच कौतुक.

टॅकेट अंधारकोठडीतून बाहेर आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही तिथं काय सांगितलंत ते मला त्सुर्कानूकडून खाणाखुणांनी कळलं, दाराशी पहाऱ्याला तोच होता. आणि गायीचंही कळलं."

"मग?"

"मग काय," असं म्हणून तो खाली बसला आणि कागद काढला. "तिकिटाला काय म्हणतात?"

असली कातडी गेंड्याची असते. शिकवलं एकदाचं.

२४ ऑगस्ट

काल संध्याकाळी राजानं रेडिओवर सांगितलं, की रुमानियानं बाजू बदलली. अमेरिकन आता मित्र, जर्मन शत्रू. रस्त्यावर लोक नाचले. जे लोक परवापर्यंत जर्मनांच्या मोटारींवर फुलं टाकायचे तेच.

मेजर स्टामाते नवा शर्ट घालून कैद्यांच्या खोलीत शिरले आणि दिसेल त्याला मिठ्या मारत सुटले. "बंधूंनो! मी मनातून कायम तुमच्याच बाजूचा होतो!" मला म्हणाले, "सांगा त्यांना."

मी सांगितलं, "साहेब घाबरलेत." हे अगदी अचूक भाषांतर होतं.

आज सकाळी जर्मन विमानं आली आणि आमच्याच शहरावर बॉम्ब पडायला लागले. पहिल्या आवाजाला मेजरांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर फेकला. "जबाबदारी तुमची!" गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. पहारेकरी कुंपणावरून उड्या टाकून पसार. त्सुर्कानू तेवढा जाताना सलाम ठोकून गेला.

कैदी आतून दारं बडवत होते. शहराच्या उत्तरेला जर्मन पलटण आहे, आणि जाता जाता कैद्यांना गोळा करून नेणार, अशी बातमी होती.

मी जुडगा खिशात टाकला आणि फाटकाबाहेर पडलो. खरं सांगायचं तर परत यायचं मनात नव्हतं. कोपऱ्यावरच्या गुत्त्याची पाटी तिरकी लोंबत होती, पण आत म्हातारा बसलेला. त्यानं न विचारता आलुबुखाऱ्याची दारू ओतली. मी एक प्यालो, दुसरी प्यालो. इथून दारं बडवल्याचं ऐकू येत होतं. म्हातारा म्हणाला, "अहो, कोंडून घातलेलं जनावर आहे का कुणाचं?"

"अमेरिकन आहेत," मी म्हटलं.

"असतील," तो म्हणाला. "पण दार तर कुणीतरी उघडायला हवं."

किल्ल्या खिशात टोचत होत्या. परत गेलो आणि उघडलं. सगळे माझ्या अंगावरून लोंढ्यासारखे जातील असं वाटलं होतं. पण त्यांचा कप्तान म्हणाला, "रस्त्यावर गेलो तर मरू. सगळे तळघरात चला." आणि मला हाताला धरून त्यांनी आत ओढलं, जसा काही मी त्यांच्यातलाच.

२५ ऑगस्ट

दुपारी समोरच्या दुमजली घरावर बॉम्ब पडला. आम्ही वर आलो तेव्हा रस्ता पांढरा झाला होता. धुळीतून एका बाईचा आवाज येत होता, खालून, खोलवरून.

या अमेरिकनांना कुणी सांगितलं नव्हतं. कप्तानानं काही म्हणायच्या आत टॅकेट आणि दहा-बारा जण ढिगावर चढले आणि हातांनी उपसायला लागले. मूर्खासारखे. मधूनच विटा ओढत होते.

मी ओरडलो, "तसं नाही! वरून काढा! तुळई हलवू नका, तिच्या आधारावर पोकळी असते. आणि मधून मधून सगळे गप्प राहा, म्हणजे ऐकू येईल!"

सगळे थांबले. मी ढिगावर आडवा झालो, कान लावला. बाई म्हणाली, "हळू. पायावर दगड आहे. हळू."

मी म्हटलं, "ती म्हणते, हळू. पायावर दगड आहे. हळू."

"कुठला पाय?" टॅकेटनं विचारलं.

मी विचारलं. तिनं सांगितलं. मी सांगितलं. "ती म्हणते, डावा. ती म्हणते, पाणी. ती म्हणते, जाऊ नका." एक शब्द बदलला नाही, एक गाळला नाही. संध्याकाळपर्यंत असंच चाललं होतं. माझा घसा बसला तेव्हा टॅकेटनं रुमालानं माझं तोंड पुसून पाणी पाजलं.

बाई जिवंत निघाली. म्हातारी, तोंडात एकही दात नाही, आणि बाहेर आल्याबरोबर तिनं त्या सगळ्यांना शिव्या घातल्या, की माझी कोंबडी कुठंय. त्याही मी शब्दाला शब्द सांगितल्या. पोरं ढिगावर बसून हसली, मग त्यातली दोन रडली.

नंतर टॅकेट माझ्याशेजारी बसला. नखं फाटलेली. म्हणाला, "तुळईचं तुम्हाला कसं माहीत?"

"एप्रिलमध्ये शिकलो."

"कुणाला काढलंत?"

"नाही काढू शकलो."

तो त्या नखांकडे पाहत राहिला. मग विचारलं, "ग्रिवित्सा रस्ता?"

यानं त्याचं उत्तर स्वतःच ओळखलं असेल तर ओळखू दे. मी त्याला दिलासा देणार नव्हतो. तो उठून भिंतीशी गेला आणि ओकला. आम्ही दोघंही सकाळपासून उपाशी होतो.

३१ ऑगस्ट

आले यांना न्यायला. आमच्या एका वैमानिकानं म्हणे त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला लढाऊ विमानाच्या पोटात कोंबून इटलीला पोहोचवलं, आणि त्यानं तिथं जाऊन निरोप दिला. आज सकाळी सगळ्यांना बसगाड्यांत घालून पोपेश्तीच्या विमानतळावर नेलं. मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

मोठी बॉम्बर एकामागून एक उतरली. आजवर मी ती खालूनच पाहिली होती, मुंगीएवढी. जवळून पाहिली तर पत्र्याची, रिव्हेटा मारलेली, तेल गळणारी. बॉम्ब ठेवायच्या जागेत फळ्या ठोकून बसायची सोय केली होती. पोरं शाळेत जाणाऱ्या मुलांसारखी रांगेत उभी. कुणी जमिनीला हात लावत होतं, कुणी उगाच नाचत होतं. मेजर स्टामाते छायाचित्रकार घेऊन आले होते. प्रत्येक विमानापुढे उभे राहून छायाचित्रं काढून घेत होते.

टॅकेट रांग सोडून माझ्याकडे आला. "आमच्या कप्तानाशी बोललोय. जागा आहे. कुणी मोजत नाहीये. माझं जाकीट घाला आणि चढा. ओहायो तुम्हाला माहीत आहे. इथं उद्या रशियन येतील."

"मला काय अमेरिकेत पुन्हा किल्ल्या वाटायच्यात?"

"मग काय करायचं ते करा. पण इथं कोण आहे तुमचं?"

त्यानं ते तसं म्हणायला नको होतं. त्यालाही बोलल्यावर कळलं. चेहरा केसांएवढा लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मी..." म्हणाला. "चार एप्रिलला मी..."

"विमान सुटेल," मी म्हटलं.

त्यानं माफी मागितली असती तर मी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. मागितली नाही, तर आता रात्रभर त्याचाच राग येणार. यांचं काय करावं कळत नाही. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मागून अधिकारी ओरडत होता. शेवटी मीच त्याला पाठीवर थाप मारून ढकललं.

विमान उडालं. ज्या दारांतून बॉम्ब पडायचे ती दारं मिटलेली होती आणि त्यांच्यावर फळीवर तो बसला असणार, बशीएवढे कान घेऊन. दिसेनासं होईपर्यंत मी पाहिलं. बाकी तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

१ सप्टेंबर

रशियन रणगाडे शहरात आलेत. फुलं टाकणारी गर्दी तीच, फक्त फुलं सुकलेली. मेजर स्टामाते शाळेच्या फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला रशियनमध्ये 'सोबती' म्हणत होते. मला म्हणाले, "नेगोयेस्कू, तुम्हाला रशियन येतं का?"

"नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

इतक्या महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी टोपी उचलली आणि निघालो.

पारास्किवाच्या घरी गेलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा. ती अंगणात मिरच्या भाजत होती. मला पाहून उठली नाही, नुसतं स्टूल पुढं सरकवलं. मक्याच्या पिठाचा मामालिगा वाढला, वर चीज. मी खाल्लं. ती समोर बसून राहिली.

"भावोजी," ती म्हणाली, "मी विचारलं होतं."

"हो."

"सांगायचं नसेल तर राहू दे."

मग मी सांगितलं. जिना कुठं कोसळला होता, मी किती उशिरा पोहोचलो, आवाज कधीपर्यंत येत होता. आग्लाया आतून काय काय म्हणाली ते सगळं सांगितलं, ती म्हणाली त्या क्रमानं, तिच्याच शब्दांत. तिनं पारास्किवाबद्दल जे म्हटलं तेही, आणि मला जी एक शिवी घातली तीही. मग आवाज थांबला तेही.

शेवटी एप्रनमध्ये तोंड घालून पारास्किवानं विचारलं, "अंगावर काय होतं तिच्या?"

"निळा झगा," मी म्हटलं. "तू दिलेला."

मिरच्या जळून गेल्या होत्या. आम्ही दोघंही तिथंच बसून राहिलो.